पिकअप दोन इंच खाली बसवायची, तर ते दोन इंच येतात कुठून?

पिकअपच्या मागच्या चाकाशी वाकून बघा. चासीच्या पोटाला, एक्सलच्या बरोबर वर एक काळा रबरी ठोकळा दिसेल. तो बंप स्टॉप. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करून त्या ठोकळ्यापासून एक्सलपर्यंतची मोकळी जागा पट्टीनं मोजा. समजा ९० मिलिमीटर भरली. गाडी लोअर करण्याचं सगळं गणित या ९० मिलिमीटरमध्ये आहे. खड्डा असो, स्पीडब्रेकर असो की हौद्यातला माल, चाकाला वर जायला कंपनीनं एवढीच जागा ठेवलेली असते. गाडी ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच खाली बसवली की ते दोन इंच याच जागेतून वजा होतात. उरले ४०.

आता यात माल भरू. मागच्या एका बाजूचा पाटा, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, एक मिलिमीटर दबायला ५ किलो लागतात असं धरू, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून १०. तीस किलोचे सतरा गुळाचे रवे एक्सलच्या आसपास रचले की झाले ५०० किलो, आणि मागची बाजू ५० मिलिमीटर दबली. मूळ गाडीत खड्ड्यांसाठी अजून ४० मिलिमीटर शिल्लक राहतात. लोअर केलेल्या गाडीत हिशोब उणे १० वर जातो. म्हणजे एक्सल रबराला कायमचा टेकलेला, आणि पुढचा प्रत्येक दणका थेट चासीला. तेव्हा गाडी रोज कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात माल घेऊन जात असेल, तर तिची उंची आहे तशी राहू द्या. इथून पुढचं सगळं, पिकअप हौसेनं किंवा घरच्या वापराला ठेवलेल्यांसाठी.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. स्प्रिंग-पाट्यातून गाडी खाली घेतली तरी मागच्या डिफ्रन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढाच उंच राहतो, कारण तो एक्सलवर बसलेला असतो आणि एक्सल टायरवर. खाली येतात ते चासी, सायलेन्सर, डिझेलची टाकी आणि पुढचा क्रॉस मेंबर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापानं बांधलेला स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. त्याचा चढ इतका सावकाश असतो की ३.१ मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीच्या पोटाला तो मध्यभागी जेमतेम ७ सेंटीमीटरच वर येतो. तिथं कुणाचंच काही घासत नाही. पण गावाच्या वेशीवर कुणीतरी रात्रीत ओतलेला अर्धा मीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच सिमेंटचा बांध पूर्ण १५ सेंटीमीटर मागतो. आपल्याकडे दुसऱ्या जातीचे जास्त आहेत, हे सांगायला नको.

कायदा थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या, म्हणजे कंपनीच्या मूळ नोंदींशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बदलामागं मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा, बिल्ल्याच्या, म्हणजे पिवळ्या पाटीच्या गाडीला हात लावू नका, आणि काहीही केलंत तरी मूळ स्प्रिंगा-पाटे भंगारात देऊ नका. एका रविवारात गाडी परत मूळ उंचीवर आणता येईल एवढंच काम घरी करावं. व्यवहारात ते दीड इंचाचं, फार तर दोन इंचांचं काम ठरतं.

मोजमाप, पाना हातात घेण्याआधी

उंची जमिनीपासून मोजू नका. टायरमधली हवा कमी-जास्त झाली की आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून सरळ वर, फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. चारही चाकं, टाकी अर्धी, हौदा रिकामा. प्रत्येक आकडा मास्किंग टेपवर लिहून त्याच फेंडरवर चिकटवा. दोन बाजूंत ५ ते १० मिलिमीटर फरक निघाला तर दचकू नका. ड्रायव्हरच्या बाजूचा पाटा जास्त दबलेला असणं नेहमीचंच आहे. फक्त तो फरक आधीचा आहे हे माहीत हवं, नाहीतर नंतर तो आपल्या कामात शोधत बसाल.

त्याच वेळी चार गोष्टी आणखी टिपून ठेवा: चारही बंप स्टॉपची मोकळी जागा, प्रत्येक शॉकअपची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी, गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाचा कोन आणि डिफ्रन्शियलच्या पिनियनच्या (इंजिनाची ताकद आत घेणाऱ्या दांड्याच्या) तोंडाचा कोन. कोनासाठी चुंबकवालं डिजिटल मीटर मिळतं. मोबाइलमधलं ॲपही चालतं, फक्त फोन मशिनिंग केलेल्या सपाट जागेला टेकवा, ओतीव खडबडीत पृष्ठभागाला नको.

जमीन हा पुढचा मुद्दा. कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांच्या पोर्चमध्ये शहाबादी फरशी असते आणि तिच्याखाली कुठं ना कुठं पोकळी असते. तीन टनी घोडीचा (उचललेली गाडी तोलून धरणाऱ्या स्टँडचा) पाय अशा फरशीवर ठेवला की फरशी तडकते आणि घोडी तिरकी होते. प्रत्येक घोडीखाली १२ मिलिमीटरची लोखंडी प्लेट किंवा जाड प्लायचा तुकडा घाला. जांभ्या दगडाचे चिरे, विटा, सिमेंटचे ब्लॉक गाडीखाली ठेवायचे नाहीत. जांभा एकसारख्या वजनाखाली बरा वाटतो, पण टोकावर भार आला की कोपरा सुटतो. आणि एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते: हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची चाकं उचललीत की तो असून नसल्यासारखा, म्हणून पुढच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे.

मागची बाजू: पाटा एक्सलच्या वर आहे की खाली?

सगळा निर्णय या एका प्रश्नावर आहे. पाटा एक्सलच्या खालून जात असेल तर काम सोपं. पाटा आणि एक्सलच्या मध्ये लोअरिंग ब्लॉक घातला की एक्सल वर सरकतो आणि गाडी तेवढीच खाली येते. पण आपल्याकडच्या इसुझु व्ही-क्रॉससारख्या उंच पिकअपमध्ये पाटा एक्सलच्या वर बसवलेला असतो. तिथं तोच ब्लॉक घातला तर गाडी उलट उंच होईल. अशा गाडीला खाली आणायचे चार मार्ग गॅरेजमध्ये सुचवले जातात.

पहिला, एक पाटा काढून टाकणं. सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात वाईट. सारख्या जाडीचे पाच पाटे असतील आणि एक काढला तर कडकपणा ५ वरून ४ वर येतो. रिकाम्या गाडीचा एका बाजूचा भार २५० किलो धरला तर आधी पाटा ५० मिलिमीटर दबत होता, आता साडेबासष्ट दबेल. म्हणजे गाडी बसली साडेबारा मिलिमीटर, वर काढलेल्या पाट्याची सात-आठ मिलिमीटर जाडी. जेमतेम पाऊण इंच मिळाला. त्यासाठी उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण सव्वापट झाला, आणि हौद्यात चार माणसं बसली तरी मागची बाजू डुलायला लागली. नकोच.

दुसरा, शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक (डोळा) चासीला जोडणारा झुलता दुवा, बदलणं. शॅकलच्या लांबीत जेवढा फरक कराल त्याच्या निम्माच एक्सलपाशी मिळतो, कारण एक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर असतो. वर चासी आणि खाली पाट्याचा डोळा अशी रचना असेल तर गाडी खाली यायला शॅकल आखूड हवा. आखूड शॅकलला झुलायला जागा कमी पडते. अर्धा-पाऊण इंच साधायला ठीक, त्यापुढं नाही.

तिसरा, फ्लिप. एक्सलच्या वरचा पाटा खाली घ्यायचा. किती बसेल हे सरळ बेरजेत कळतं: एक्सलच्या नळीचा व्यास, अधिक पाट्यांच्या थप्पीची जाडी, अधिक पाटा जिथं टेकतो त्या बैठकीची उंची दोनदा. नळी ७६, थप्पी ४०, बैठक १० धरली तर ७६ + ४० + २० = १३६ मिलिमीटर. सव्वापाच इंचांहून जास्त! आपल्याकडे होते मुळात ९०. म्हणजे चासीला खालून अर्धगोल खाच पाडून आत प्लेट वेल्ड करायची, एक्सलच्या नळीला खालून नवी बैठक वेल्ड करायची. नळी एका बाजूनं तापली की वाकते, मग आतले शाफ्ट आणि ऑइल सील बोलायला लागतात. हे घरच्या पोर्चमधलं काम नव्हे, आणि खाच पाडलेली चासी पुन्हा मूळ रूपात येत नाही.

चौथा मार्ग राहिला, आणि दीड इंचासाठी तोच बरा: पाट्याचा बाक कमी करून घेणं. हे काम कमान-पाट्याच्या कारागिराचं. पाटे काढणं-बसवणं घरी, बाक उतरवणं त्याच्याकडे. त्याला एकच अट घालायची: थंड काम. घणानं किंवा प्रेसनं, गॅसचा टॉर्च लावायचा नाही. पाट्याचं पोलाद आधी तापवून तेलात विझवलेलं आणि मग ठरावीक तापमानाला परत तापवून लवचिक केलेलं असतं. टॉर्चनं लाल केलेल्या जागी ते पाणी उतरतं. तो पाटा तुमच्या अंगणात दिसायला अगदी सरळ दिसेल, आणि सहा महिन्यांत तिथंच बसेल किंवा तुटेल.

शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीच्या जोरावर कोल्हापुरात कागदावरचं चित्र दाखवलं तरी पार्ट तयार होऊन मिळतो. म्हणून तर इथं जास्त जपायला हवं. ब्लॉक करून घ्यायचाच असेल तर भरीव पोलादाचा घ्या. साध्या बिडाचा नको, तो दणक्याला तडकतो. एकावर एक दोन ब्लॉक तर कधीच नाही. पुढचा स्टब एक्सल कापून, वर सरकवून वेल्ड करून देतो असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. तो फोर्जिंगचा तुकडा आहे आणि चाक त्याच्यावर उभं आहे.

पाटे काढताना

आदल्या रात्री पाट्यांची थप्पी एक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी तारेच्या ब्रशनं आटे साफ करा. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करा. डिफ्रन्शियलखाली जॅक लावून मागची बाजू उचला, घोड्या चासीखाली ठेवा, पाट्याच्या पुढच्या हँगरच्या थोड्या पुढं. जॅक एक्सलखाली तसाच राहू द्या, कारण पाटा सुटल्यावर एक्सलचं वजन त्याच्यावरच असणार आहे.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसऱ्या बाजूचे यू-बोल्ट घट्ट असले की एक्सल जागा सोडत नाही. दोन्ही बाजू एकदम सोडल्या तर एक्सल प्रोपेलर शाफ्टभोवती (गिअरबॉक्सपासून डिफ्रन्शियलपर्यंतच्या फिरत्या दांड्याभोवती) गिरकी घेतो आणि त्याला परत जागेवर आणण्यात दुपार जाते. शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. चासीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपासून एक्सलकडे जाणारी बारीक लोखंडी दांडी असेल तर तीही सोडा. त्या दांडीचं महत्त्व पुढं येतंय. मग यू-बोल्ट, मग शॅकल, शेवटी पुढच्या डोळ्याचा बोल्ट. थप्पी चांगलीच जड असते. दोन माणसं हवीत, आणि पायात चप्पल नको.

थप्पीवर ऑइलपेंटनं डावी-उजवी आणि पुढची-मागची बाजू लिहा. दोन्ही डोळ्यांच्या मध्यातून दोरी ताणून मेन पाट्यापर्यंतचं अंतर मोजा, तोच बाक. दोन्ही थप्प्यांचा आकडा कारागिराला लिहून द्या आणि किती कमी करायचा तेही लिहून द्या. ‘थोडा बसव’ म्हटलं की प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो. सेंटर बोल्ट उघडण्याआधी थप्पी मोठ्या सी-क्लॅम्पमध्ये आवळा, नाहीतर पाटे उसळतात. सेंटर बोल्ट नवाच, हाय टेन्साइल.

बाक उतरला की पाटा लांबतो, हे फार कमी जण लक्षात घेतात. १२०० मिलिमीटरच्या पाट्याचा बाक १२० वरून ८० वर आणला तर दोन डोळ्यांमधलं अंतर सुमारे १८ मिलिमीटरनं वाढतं. पुढचा डोळा चासीला खिळलेला, तेव्हा मागचा डोळा शॅकलसकट १८ मिलिमीटर मागं जातो आणि एक्सल साधारण ९ मिलिमीटर. शॅकल आधीच मागं कललेला असेल तर माल भरल्यावर तो चासीला टेकू शकतो. टेकलेला शॅकल म्हणजे पाट्याला लांबायला वावच उरला नाही. गाडी तिथं दगडासारखी होते आणि आवाजही ठोका मारल्यासारखा येतो.

परत बसवताना यू-बोल्ट नवे घ्या. एकदा ताणलेले आटे दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. साधी सळई तापवून वाकवलेले यू-बोल्टही नकोत. चारही नट फुलीच्या क्रमानं, तीन टप्प्यांत आवळा. १२ मिलिमीटरच्या ८.८ ग्रेड बोल्टला साधारण ८० न्यूटन-मीटर लागतात, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच खरा.

मात्र डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट आत्ता घट्ट करायचे नाहीत. फक्त हाताला लागतील इतके. कारण बुशच्या आत रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला की रबर त्या स्थितीला शून्य मानतं. गाडी खाली उतरवली की ते कायम पिळलेलं राहतं. गाडी हव्या त्या उंचीला बसत नाही आणि काही महिन्यांत बुश फाटतो. गाडी चाकांवर उतरवा, हौद्यात उभं राहून चार हेलकावे द्या, थोडी पुढं-मागं ढकला, आणि मग आवळा. पुढच्या चाकांना चासीशी जोडणाऱ्या आर्मच्या बोल्टांनाही हाच नियम. लोअर केलेल्या गाड्यांचे बुश लवकर जातात अशी जी ओरड असते, तिच्यातला मोठा वाटा या एका चुकीचा आहे.

प्रोपेलर शाफ्टचा कोन

शाफ्टच्या टोकाचा क्रॉस जॉइंट तिरका चालला की शाफ्ट एकसारख्या वेगानं फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट हाच खेळ उलटा करून तो फरक फेडतो, पण त्यासाठी दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. म्हणून गिअरबॉक्सचं तोंड आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत, एक अंशाच्या आत. बाक बदलल्यावर पिनियन जरासा फिरतो. आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहा आणि फरक असेल तर पाटा व बैठकीच्या मध्ये पोलादी पाचर घाला. दोन-चार अंशांच्या तयार मिळतात. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगच्या तुकड्याचाही कोन बघा.

चुकलं तर कसं कळेल? २४५/७० आर १६ टायरचा घेर सुमारे २.३५ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सात फेरे मारतं. एक्सलचा रेशो ४.१ असेल तर शाफ्ट २९. प्रत्येक फेऱ्यात दोन झटके म्हणजे सेकंदाला ५८. सीटखालून येणारी ही बारीक घरघर वेगासोबत वाढते, आणि क्लच दाबून गाडी नुसती घरंगळत असतानाही पूर्ण जात नाही. व्हील बॅलन्सिंगवर पैसे घालवण्याआधी कोन तपासा.

पुढची बाजू

जुन्या काही गाड्यांना पुढं टॉर्शन बार असतो, म्हणजे लांब पोलादी दांडा पिळून स्प्रिंगचं काम करतो. त्याच्या मागच्या टोकाला उंचीचा बोल्ट असतो. चाक हवेत घ्या, बोल्टवर खूण करा, दोन्ही बाजूंना मोजून सारखे आटे ढिले करा, गाडी उतरवून दहा-वीस फूट फिरवा, मोजा. अर्ध्या तासाचं काम. सव्वा इंचापुढं बहुतेक वेळा खालचा आर्म बंप स्टॉपला टेकायला लागतो, तिथं थांबा.

व्ही-क्रॉस, हायलक्समध्ये दोन आर्म आणि शॉकअपवर चढवलेली कॉइल स्प्रिंग असते. इथं एक गुणोत्तर कळलं पाहिजे. स्प्रिंग चाकापाशी नाही, आर्मच्या मध्यावर कुठंतरी उभी असते. समजा हे प्रमाण ०.५८ आहे, म्हणजे चाक एक मिलिमीटर हललं की स्प्रिंग ०.५८ मिलिमीटरच दबते. मग चाकाला ४० मिलिमीटर खाली यायला स्प्रिंग फक्त २३ मिलिमीटर आखूड हवी. ग्राइंडरनं एक वेटोळं कापणारे याच ठिकाणी फसतात. दोन इंच हवे असतात, चार मिळतात.

कापणं मुळातच चांगलं नाही. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते, आणि टोक सपाट घासलेलं असेल तर कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. गॅसनं कापलं तर पाट्यासारखीच तिची लवचिकता जाते. तयार किंवा करून घेतलेली आखूड स्प्रिंग घ्या. लोअर गाडीला ती थोडी कडक असावी, कारण चाकाला वर जायची जागा आता कमी आहे. पण याचाही हिशोब आहे. एका चाकावर ५०० किलो, प्रमाण ०.५८, म्हणजे स्प्रिंगवर सुमारे ८६० किलो. मिलिमीटरला १० किलोची स्प्रिंग ८६ मिलिमीटर दबते, १२ किलोची ७२. कडक स्प्रिंग आपोआप १४ मिलिमीटर उंच उभी राहते. म्हणजे मोकळ्या लांबीतून २३ नव्हे, २३ आणि १४ मिळून ३७ मिलिमीटर कमी करायला हवेत. मूळ लांबीचीच कडक स्प्रिंग घातली तर गाडी लोअर होण्याऐवजी इंचभर उंच होईल.

आणि ३७ मिलिमीटर आखूड स्प्रिंग मूळ शॉकअपवर, चाक पूर्ण लोंबकळताना ढिली तर पडत नाही ना, हे बघा. हातानं हलली तर शॉकअपही आखूड घ्यावा लागेल. ढिली स्प्रिंग खड्ड्यातून उसळल्यावर बैठकीतून सरकते.

स्प्रिंग शॉकअपवरून सोडवणं हे या सगळ्यातलं खरं धोक्याचं काम. ८० मिलिमीटर दाबलेल्या अशा स्प्रिंगमध्ये ३०० ज्यूलहून जास्त ताकद कोंडलेली असते. तीस किलोचा गुळाचा रवा मीटरभर उंचीवरून पडावा, त्याहून थोडी जास्तच. तीही रव्यासारखी सरळ खाली नाही, कुठल्याही दिशेला. मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये आवळण्याआधी ढिला करायचा नाही, कधीच नाही. हुकवाले स्वस्त कॉम्प्रेसर सरकतात. पूर्ण शॉकअप काढून भिंतीवरचा प्रेस असलेल्या गॅरेजमध्ये न्या, तिथं स्प्रिंग बदलून आणा. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. घरी शॉकअप काढताना वरचा बॉल जॉइंट सुटला की नकल (चाक ज्याच्यावर बसतं तो भाग) तारेनं चासीला बांधा. ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका.

स्प्रिंग नसताना एक चाचणी करून घ्या. शॉकअप एकटाच जागेवर लावा, खालच्या आर्मखाली जॅक घेऊन चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर चढवा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टायर लायनरला घासतो का, शॉकअपमध्ये अजून १५-२० मिलिमीटर शिल्लक आहेत का? शॉकअप आधी तळाला गेला तर बंप स्टॉपचं काम तोच करणार, आणि महिन्यात गळायला लागणार.

ब्रेकची ती बारीक दांडी

आता मागं सोडलेल्या दांडीकडे येऊ. बऱ्याच पिकअपमध्ये चासीवर एक व्हॉल्व्ह असतो, जो मागच्या ब्रेकचा दाब मालाच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करतो. वजन तो कसं ओळखतो? चासी आणि एक्सल किती जवळ आले यावरून. तुम्ही गाडी ४० मिलिमीटर बसवली की त्याला वाटतं हौदा भरलाय. तो रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांना भरलेल्या गाडीचा दाब देतो. कोरड्या रस्त्यावर काही कळत नाही. जुलैत गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना, धुक्यात, ओल्या वळणावर ब्रेक दाबला की मागची चाकं आधी जाम होतात आणि हौदा पुढं यायला बघतो. एबीएस असेल तर तो सांभाळून घेईल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. जेवढी गाडी बसली तेवढीच दांडी समायोजित करा किंवा तिचा ब्रॅकेट सरकवा, म्हणजे व्हॉल्व्हचा हात आधी होता त्याच कोनात येईल. सोडण्याआधी त्या हाताचा फोटो काढून ठेवला असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे.

अलाइनमेंट आणि उरलेलं

पुढची बाजू खाली आली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो (हा कॅम्बर) आणि टो, म्हणजे दोन चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं, तोही हलतो. झुकाव अंशभराचा असेल तर टायर तो सोसतो. टो नाही सोसत. दोन टायरांच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर ६ मिलिमीटरनं चुकलं तर प्रत्येक टायर दर किलोमीटरला सुमारे ४ मीटर आडवा घासतो. पुण्यापर्यंतच्या २३० किलोमीटरमध्ये जवळजवळ एक किलोमीटर आडवी फरफट! म्हणून काम झाल्यावर गाडी थेट अलाइनमेंटला, तीही हळू. आधी कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा पुढं-मागं कल), मग कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी, कारण पहिले दोन हलले की टो हलतोच.

हेडलाइट. पुढून ४० आणि मागून ५० मिलिमीटर बसवली तर गाडीचं नाक १० मिलिमीटरनं वर होतं. ३.१ मीटर व्हीलबेसवर हे नगण्य वाटतं, पण पन्नास मीटरवर झोत १६ सेंटीमीटर वर उचलला जातो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जायला तेवढं पुरतं. काम सुरू करण्याआधी पाच मीटरवरून भिंतीवर पडलेल्या झोताच्या कडेला खडूची खूण केली असेल, तर नंतर दिवा जितका खाली आला तितकी खूण खाली घेऊन स्क्रूनं जुळवा.

यू-बोल्ट पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, मग ५०० नंतर. नवा पाटा बैठकीत मुरतो आणि बोल्ट हमखास थोडा ढिला होतो. ढिल्या यू-बोल्टनं आधी सेंटर बोल्ट तुटतो, मग एक्सल तिरका सरकतो.

शेवटची चाचणी शाडूच्या मातीची. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून मूठभर शाडू आणा, चारही बंप स्टॉपच्या टोकाला लिंबाएवढा गोळा चिकटवा आणि नेहमीच्या माणसांसह, नेहमीच्या सामानासह तुमच्या रोजच्या रस्त्यानं एक फेरी मारून या. परतल्यावर गोळे बघा. गोळा तसाच असेल तर उरलेली जागा पुरतेय. चपटा होऊन कागदासारखा पातळ झाला असेल, आणि तोही साध्या रस्त्यावर, तर मागं १० मिलिमीटरचा बाक परत चढवून घ्यावा लागेल.